खजिना लपवा, पण बागेला विचारून

1 मे 2000 च्या रात्री अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातले उपकरण शंभर मीटरपर्यंत चुकत असे. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानंतर तेच उपकरण रातोरात दहा-वीस मीटरांच्या आत जागा दाखवू लागले. दोन दिवसांनी, 3 मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर या गृहस्थाने झाडीत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात पुस्तके, सॉफ्टवेअर, एक गलोल, शिजवलेल्या घेवड्याचा सीलबंद डबा आणि एक नोंदवही होती. जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले आणि काही दिवसांतच माइक टीग नावाचा माणूस उपकरण हातात धरून तिथे पोहोचला. जिओकॅशिंग या खेळाची ही सुरुवात. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक साठे आहेत, अगदी अंटार्क्टिकातही.

मात्र उल्मरची ती बादली आजच्या नियमांनुसार दोनदा बाद ठरली असती. एक तर ती जमिनीत पुरलेली होती. आता जागेच्या मालकाची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय खणता येत नाही. दुसरे, तिच्यात खाण्याचा पदार्थ होता. वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात, म्हणून खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत असे ठरले. हा खेळ टिकला आणि वाढला तो असे नियम स्वीकारत गेल्यामुळे. महाराष्ट्रात ज्यांना तो रुजवावासा वाटतो, त्यांनी गॅझेटच्या आधी ही बाजू समजून घ्यायला हवी.

अमेरिकेत खेळाचा पहिला मोठा संघर्ष झाला तो उद्यानांशीच. राष्ट्रीय उद्यानांच्या प्रशासनाने सुरुवातीला डबे ठेवू द्यायला नकार दिला. लोक पायवाट सोडून झाडीत शिरतील, नाजूक जमीन तुडवली जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. पुढे उद्यानाच्या अधीक्षकाने परवानगी दिली तरच डबा, असा मार्ग निघाला. राज्यांच्या उद्यानांनी अधिक मोकळेपणा दाखवला. अनेक ठिकाणी अर्ज भरायचा, जागा उद्यानाच्या कर्मचाऱ्याला दाखवायची आणि मग डबा ठेवायचा, अशी पद्धत पडली. मिनेसोटाने तर पुढचे पाऊल टाकले. तिथल्या राज्य उद्यानांनी स्वतःच डबे ठेवले, त्यांत पक्षी-प्राण्यांची माहिती देणारी कार्डे घातली आणि ज्यांच्याकडे उपकरण नाही त्यांना ते वापरायला दिले. ज्या मुलांना एरवी तळ्याकाठचा माहितीफलक वाचायला सांगून वाचवत नाही, ती कार्डासाठी त्याच तळ्याला पूर्ण फेरी मारतात. खेळणाऱ्यांनीही 2002 पासून एक प्रथा जोपासली आहे: डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि वाटेतला कचरा उचलून आणायचा.

नवख्या माणसासाठी उद्यान हीच योग्य शाळा आहे. तिथे हद्द आखलेली असते, वाटा ठरलेल्या असतात, चुकले तरी फाटक सापडते. प्रत्येक डब्याला शोधाची कठीणता आणि वाटेची कठीणता यांसाठी 1 ते 5 असे दोन अंक दिलेले असतात. पहिल्या दिवशी दोन्ही अंक 1 ते 2 च्या आसपासचे असावेत आणि डबा मोठा असावा. फिल्म रोलच्या डबीएवढे किंवा त्याहून लहान साठे अनुभवी माणसालाही रडवतात.

उपकरणाबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो: मोबाइल असताना वेगळे कशाला? शहरातल्या बागेत मोबाइल पुरतो, हे खरेच. पण पेन्सिल सेलवर चालणारे, हातात मावणारे साधे जीपीएस उपकरण शिकायला अधिक चांगले आहे. त्याचा पडदा उन्हात नीट दिसतो, त्याला नेटवर्क लागत नाही, सेल संपले तर खिशातले दुसरे घालता येतात. मुख्य म्हणजे ते ‘आता डावीकडे वळा’ असे सांगत नाही. दिशा आणि अंतर एवढेच दाखवते. मधला ओढा कुठून ओलांडायचा, कुंपणाला वळसा कुठून घालायचा, हे माणसाने ठरवायचे. नकाशा वाचायची सवय अशानेच लागते.

पहिले काम म्हणजे बागेच्या फाटकाची जागा उपकरणात नोंदवून ठेवणे. दुसरे, आकडे कोणत्या पद्धतीत लिहिले आहेत ते पाहणे. या खेळात अंश आणि दशांश मिनिटे वापरतात. 18 अंश 31 मिनिटे ही जागा कोणी 18.31 अंश अशी टाकली, तर बाण त्याला जवळपास 23 किलोमीटर दक्षिणेला पाठवील. उलट बाजूने पाहिले तर मिनिटाच्या हजाराव्या भागाचा अर्थ अक्षांशात 1.85 मीटर एवढाच होतो. म्हणजे शेवटचा आकडा एकाने चुकला तरी फारसे बिघडत नाही. नकाशाचा पायाही जुळायला हवा. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस 84’ ही चौकट वापरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या चौकटीवर बेतलेले आहेत. त्यांवरून वाचलेले आकडे तसेच उपकरणात टाकले, तर जागा सरकते.

स्वस्त उपकरणांत चुंबकीय होकायंत्र नसते. असे उपकरण चालता चालताच दिशा ओळखते, त्यामुळे उभे राहून हात फिरवण्यात अर्थ नाही. दहा-पंधरा पावले सरळ चालावे लागते. डबा दहा मीटरांवर आला की बाण भिरभिरू लागतो. उपकरण बिघडलेले नसते. चुकीची मर्यादा आणि उरलेले अंतर सारखेच झालेले असते. दाट झाडीखाली किंवा कातळाच्या भिंतीशेजारी सिग्नल आपटून येतो आणि गोंधळ आणखी वाढतो. इथे उपकरण खिशात ठेवायचे आणि डोळे वापरायचे. कोणता दगड कोणीतरी हाताने ठेवल्यासारखा दिसतो? झाडाच्या बुंध्याशी काटक्या जरा जास्तच नीट रचलेल्या आहेत का? खेळाची सगळी मजा या शेवटच्या दहा मीटरांत आहे आणि कोणताही उपग्रह ती हिरावून घेऊ शकत नाही.

आपल्याकडे हा खेळ जसाच्या तसा उचलून चालणार नाही. जुलै 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात रस्त्यालगत ठेवलेला एक छोटा साठा पाहून कोणाला तरी संशय आला, बॉम्बनाशक पथक आले आणि डबी स्फोटाने उडवून देण्यात आली. ज्या मुंबईने लोकल गाड्यांत आणि बाजारांत स्फोट सोसले, तिथे गर्दीच्या जागी बेवारस डबा लपवणे हा सरळ बेजबाबदारपणा आहे. गडकिल्ल्यांच्या तटबंदीतही तो नको. डबा शोधणारा प्रत्येक जण सांधीतला दगड हलवून पाहतो. शंभर माणसांनी तसे केले की बुरूज ढासळायला पावसाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय त्या सांधींत साप-विंचू असतात.

मग करायचे काय? दोन गोष्टी. पहिली, पालिकांच्या आणि संस्थांच्या बागांनी मिनेसोटासारखा पुढाकार घ्यावा. धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी, एकेकाळच्या कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान अशा प्रयोगाला अगदी योग्य आहे. पारदर्शक डबा, त्यावर खेळाचे नाव आणि बागेच्या कार्यालयाचा क्रमांक, जागेची नोंद सुरक्षा रक्षकाकडे, आत झाडाझुडपांची माहिती देणारी कार्डे. खर्च नगण्य आहे.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: डबाच नसलेला शोध. 2004 पासून अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या सहकार्याने ‘अर्थकॅश’ हा प्रकार चालतो. तिथे काही लपवायचे नसते. दिलेल्या जागी पोहोचायचे, खडकाचे निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. बेसाल्टवर वसलेल्या महाराष्ट्राला याहून सोयीचा प्रकार सापडणार नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब, निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे, लोणारचे विवर: यांतल्या कोणत्याही ठिकाणी मुलांना चार नेमके प्रश्न विचारता येतील. खांबाच्या तोंडाला किती बाजू आहेत? रांजणाच्या तळाशी गोटे का सापडतात? कुठल्याही रक्षकाला घाबरवणारी वस्तू तिथे नसेल.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. फक्त सिग्नल घेणारे जीपीएस उपकरण वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे उपकरण भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि गोव्यातल्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना त्यावरून अडवण्यात आले आहे. तसेच, हौसेने आपल्या गावच्या बागेत डबा ठेवून परत जाऊ नये. ज्याचा डबा त्याने त्याची देखभाल करायची, हा खेळाचा नियम आहे आणि आपल्या पावसात तो फारच महत्त्वाचा ठरतो. चांगल्या झाकणाच्या डब्यातही पाणी शिरते आणि नोंदवहीचा लगदा होतो. आपल्या बागांनी हा खेळ सुरू केला, तर मेअखेर सगळे डबे उचलून कार्यालयात आणावेत आणि दसऱ्यानंतर कोरी वही घालून, जागा बदलून पुन्हा ठेवावेत.