येरवडा, १८७१ आणि कायद्याचा न वाचलेला भाग

येरवडा म्हटले की इतिहासाच्या वाचकाला २४ सप्टेंबर १९३२ आठवतो. पुणे करार, उपोषण, तुरुंगातले ते आंब्याचे झाड. आज त्या झाडाखाली जायचे नाही. आजच्या धाग्याचा विषय अप्रिय आहे: लैंगिक गुन्हेगारांची सरकारी नोंदवही, आणि ती चर्चच्या दारापर्यंत आली की काय घडते. विषय परदेशी वाटेल. पण या प्रकारच्या नोंदवहीचा एक अतिशय जुना नमुना आपल्याच देशातला आहे, आणि तो येरवड्याच्या तुरुंगाइतकाच जुना आहे.

येरवड्याचा दगडी तुरुंग १८७१ चा. त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला, ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वर्षीचा सत्ताविसावा कायदा मंजूर झाला. तोच कुप्रसिद्ध गुन्हेगार जमाती कायदा. आपण त्याचा पहिला भाग वाचलेला असतो. संपूर्ण जमात जन्मतः गुन्हेगार ठरवणे, तिची नोंद करणे, हजेरी लावणे, दाखल्याशिवाय गाव सोडू न देणे. एखादी जमात एकदा अधिसूचित झाली, की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याची सोयही नव्हती.

दुसरा भाग मात्र फारसे कोणी वाचत नाही. तो हिजडा समाजाविषयी होता. लहान मुलांना पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा दंडसंहितेच्या कलम ३७७ खालील गुन्हा करणे, यांचा ज्यांच्यावर ‘वाजवी संशय’ असेल अशा व्यक्तींची नावे, पत्ते आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश त्यात होता. संशय पुरेसा होता. सिद्ध झालेल्या गुन्ह्याची अट नव्हती. नाव चढले की स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, नाचणे, गाणेबजावणे करणे हाच गुन्हा. वॉरंटविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवला तरी तीच शिक्षा. मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे, कोणाचे पालकत्व स्वीकारता येत नसे.

म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी लैंगिक गुन्ह्याच्या संशयितांची यादी करायची, पत्ता नोंदवायचा आणि त्यांना मुलांपासून दूर ठेवायचे, ही कल्पना. कॅलिफोर्नियाने राज्यव्यापी नोंदणीचा कायदा केला तो १९४७ मध्ये. ही त्याहून ७६ वर्षे आधीची गोष्ट. जेसिका हिंची या इतिहाससंशोधिकेने वायव्य प्रांतांतील कागदपत्रे तपासून दाखवले आहे की ‘मुलांचे रक्षण’ हे त्या नोंदवहीचे बोलके कारण होते. तो समाज हळूहळू नाहीसा व्हावा हा तिच्यामागचा हेतू होता. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग वगळला गेला. नोंदवहीला भय वाटावे असा एक समाज हवा होता, तो तिला सापडला होता. मुलांचे काय झाले, हा प्रश्न मागेच राहिला.

हा दुसरा भाग मुंबई इलाख्यात लागू नव्हता. आपल्याकडे आला तो पहिला भाग, १९११ च्या कायद्याबरोबर. आणि तो आला तेव्हा चर्च त्याच्या हाताला हात लावून उभे होते. या धाग्याचे खरे प्रकरण येथे सुरू होते.

१९११ च्या कायद्याने ‘सेटलमेंट’ म्हणजे तारेच्या कुंपणातली वसाहत स्थापण्याचा आणि ती खासगी संस्थांकडे सोपवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे मुक्तिफौजेचा फ्रेडरिक बूथ-टकर. गोरखपूरची वसाहत मुक्तिफौजेने १९०८ मध्येच चालवायला घेतली होती. मुंबई इलाख्यात सोलापूरची सेटलमेंट सर्वांत प्रसिद्ध. तेथे अमेरिकन मराठी मिशनने व्यवस्थापन पाहिले. कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी अशा कुटुंबांना तारेआड ठेवून सोलापूरच्या गिरण्यांत कामाला पाठवले जाई. रात्री हजेरी, बाहेर जायचे तर दाखला. प्रार्थनेचे पुस्तक आणि हजेरीबुक एकाच व्यवस्थेच्या ताब्यात.

मिशनऱ्यांनी तेथे शाळा काढल्या, औषधपाणी केले, हेही खरे. त्यांच्यात प्रामाणिक कळवळ्याची माणसे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या कायद्यातली एक तरतूद पाहा. नोंद झालेल्या कुटुंबांतील सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. आईबापांचे नाव नोंदवहीत, बोटांचे ठसे नोंदवहीत. मूल ज्याच्या हवाली केले त्या अधीक्षकाची, शिक्षकाची, वॉर्डनची मात्र कोणतीही नोंद नाही. संशय सगळा तारेच्या आत होता, विश्वास सगळा तारेच्या बाहेर. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. पण ही विभागणी संपली, असे मला वाटत नाही.

आता वर्तमानात येऊ. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ मोडीत काढले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० सप्टेंबरला, केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच सुरू केला. हा निव्वळ योगायोग; पण इतिहासाच्या वाचकाने थबकावे असा. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पॉक्सो आणि छेडछाड या गुन्ह्यांच्या सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी आरंभीच त्यात होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग तो सांभाळतो. तो पाहण्याचा अधिकार फक्त पोलीस व तपासयंत्रणांना आहे. अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगनच्या कायद्या’नंतर शेजाऱ्याचे नाव नागरिकाला घरबसल्या शोधता येते, आपल्याकडे येत नाही.

ही यादी सर्वांसाठी खुली करा, अशी मागणी प्रत्येक भीषण घटनेनंतर होते. माझा तिला विरोध आहे, आणि त्याचे कारण वर सांगितलेला इतिहास हेच आहे. ज्या समाजात पारध्याच्या पालावर अजूनही केवळ नावावरून पोलीस येतात, तेथे खुली यादी किती दिवस निव्वळ गुन्ह्याची यादी राहील? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तो आदेश द्यावा लागला. आपल्याकडच्या वह्या सहज विसरत नाहीत.

पण यादी बंद ठेवायची म्हटले की चर्चची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. येरवडा-वडगाव शेरी-खडकी या पट्ट्यातल्या एखाद्या लहान मंडळीचा विचार करा. एक माणूस शिक्षा भोगून तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो. आत असताना त्याला ख्रिस्ती स्वयंसेवक भेटलेले आहेत. तो रविवारी उपासनेला येतो आणि मागच्या बाकावर बसतो. बाजूच्या खोलीत संडे स्कूल भरलेले आहे. तो कशासाठी आत होता, हे पाळकाला ठाऊक असेल किंवा नसेल. पास्टोरेट कमिटीने काय करावे?

दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. ‘क्षमा झाली, आता विचारू नका’ हे पहिले. ‘दाराबाहेर काढा’ हे दुसरे. पहिल्यात मुलांना धोका आहे. दुसऱ्यातही आहे, हाकललेला माणूस नाहीसा होत नाही, तो ओळख नसलेल्या दुसऱ्या मंडळीत जातो. १९९४ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन शहरात एका लहान मेनोनाइट मंडळीने तिसरी वाट काढली. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून सुटलेल्या एका माणसाभोवती तिने चारदोन स्वयंसेवकांचे कडे उभे केले. ते त्याला रोज भेटत, मदत करत आणि त्याच्यावर नजरही ठेवत. पुढे हा प्रयोग अनेक देशांत गेला, आणि अशा कड्यात राहिलेल्यांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी असल्याचे अभ्यासांत आढळले. इंग्लंडमधील मेथडिस्ट व अँग्लिकन चर्चमध्ये अशा व्यक्तीशी लेखी करार करतात: कोणत्या उपासनेला यायचे, कोणाबरोबर बसायचे, मुलांच्या कोणत्या कार्यक्रमापासून लांब राहायचे. आपल्याकडे हे करायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. हवा तो थोडा कागद आणि बराच धीर.

तरीही, मागच्या बाकावरचा तो माणूस या गोष्टीतला मोठा धोका नाही, असे माझे ठाम मत आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. धोका बहुतेक वेळा पुढच्या बाकावर असतो, किंवा वेदीपाशी. मुंबईत २०१५ मध्ये एका धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली ती डिसेंबर २०२१ मध्ये. घटना आणि निकाल यांत सहा वर्षे आहेत. नोंदवही निकालानंतर जागी होते. तोपर्यंत त्या मुलाचे बालपण सरलेले असते. (‘फक्त चर्चच का?’ असे प्रतिसादात येईलच. फक्त चर्च नाही. एप्रिल २०१८ चा आसारामविरुद्धचा जोधपूरचा निकाल आठवावा. आजचा विषय चर्च आहे, इतकेच.)

पॉक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाने, हे ओळखले होते. त्याच्या कलम ५ मध्ये शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा नोकरीतील व्यक्तीने त्या संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा मानला आहे. येथे कायद्याची नजर तारेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे वळली. कलम १९ सांगते की असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. सामान्य माणसाला न दिसणाऱ्या पोलिसी नोंदींपर्यंत चर्चला पोहोचता येते ते या वाटेने. पडताळणीचा अर्ज कर्मचाऱ्यांसाठी आहे. पण संडे स्कूलचा शिक्षक, गायनवृंदाचा मार्गदर्शक, शिबिराला मुले घेऊन जाणारा तरुण हे बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि म्हणून नियमाच्या फटीतून निसटतात. मंडळीने त्यांचीही पडताळणी स्वतःहून करून घ्यावी.

एक पेच खरोखर कठीण आहे. कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेले कोणालाही सांगता येत नाही. चर्चच्या कायद्याने ती मुद्रा अभंग आहे. भारतीय पुरावा कायद्याने वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेला संरक्षण दिले, धर्मगुरूला दिले नाही. आणि कलम १९ मध्ये कोणालाही सूट नाही. हा संघर्ष शब्दांच्या कसरतीने सुटणारा नाही. माझ्यापुरते मी मुलाच्या बाजूने आहे. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दडपली गेलेली प्रकरणे सहसा पापनिवेदनाच्या जाळीआड अडकलेली नसतात. आईने कार्यालयात येऊन सांगितलेले असते, पत्र आलेले असते, बैठकीत कुजबुज झालेली असते. त्यावर मग एका ओळीचा आदेश निघतो: बदली.

म्हणून चर्चने ठेवण्याजोगी वही ही आहे. कोणता पाळक, फादर, वॉर्डन कोणत्या साली कोठे होता, कोणती तक्रार आली, ती कोणत्या तारखेला पोलिसांना कळवली, आणि त्याला पुढच्या ठिकाणी पाठवताना तेथल्या मंडळीला काय सांगितले. मिशनांना वह्या ठेवता येत नव्हत्या असे कोणी म्हणू नये. बाप्तिस्म्याची, विवाहाची, दफनाची रजिस्टरे दीडशे वर्षे जपलेली आहेत, आणि सोलापूरच्या तारेआडची रात्रीची हजेरीही रोज नेमाने लागत होती.