सहा महिन्यांच्या गावाला पत्ता हवा

दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून निघतात. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, हंडे-कळश्या, शेळ्या-कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरे असा अख्खा संसार त्यात असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट भागांतील साखर कारखान्यांकडे हा प्रवास असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास परतीची वाट धरेपर्यंत पाच-सहा महिने या माणसांचे गाव म्हणजे उसाच्या फडाशेजारची कोप्यांची वस्ती.

१९७२ च्या दुष्काळानंतर वाढत गेलेल्या या स्थलांतराची चर्चा दरवर्षी होते. तोडणीचा दर, मुकादमाने दिलेली उचल आणि ती बुडविल्यावरून होणारे तंटे हे तिचे ठरलेले विषय आहेत. मात्र वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ जेथे काढायचा, तेथे माणूस राहतो कसा, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. सरकारच्या लेखी ऊसतोड कामगार गावातून ‘बाहेर गेलेला’ असतो. तो कोठे आला, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

कोपीतला संसार

बांबूच्या कामट्या, चटया आणि त्यावर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा कागद एवढ्यावर कोपी उभी राहते. आत शिरायचे तर वाकूनच शिरावे लागते. थंडीत अंगाखाली पाचट, समोर तीन दगडांची चूल. पाणी जवळच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून किंवा पाइपलाइनवरून मिळेल तेवढे. शौचालय नसते, न्हाणीघर नसते. बायकांना अंधाराचा आडोसा शोधावा लागतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यापासून त्या अंधाराची भीती आणखी वाढली आहे.

दिवस पहाटे तीन-चार वाजता सुरू होतो. भाकरी थापून, लेकरांना उचलून फडावर जायचे. पुरुषाने ऊस तोडायचा, बाईने तो साळून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडी भरायची. ट्रॅक्टर किंवा ट्रक रात्री उशिरा आला तर भरणीही रात्रीच. बैलगाडीवाल्यांच्या ‘गाडी सेंटर’मध्ये वाढे विकून भाजी-मिठापुरते रोख पैसे हाती येतात. बाकीचा हिशेब उचलीतून वळता होत राहतो.

या वस्त्यांत सारेच कारखान्यांवर सारखे नसते. गाडी सेंटरच्या कोप्या कारखान्याच्या आसपास एका मैदानावर शेकड्यांनी असतात. तेथे निदान नळ, दिव्याचे खांब आणि किराणा दुकान जवळ असते. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या मात्र गावोगावच्या शिवारात पांगलेल्या असतात. तेथील सात-आठ कोप्या ना ग्रामपंचायतीच्या यादीत असतात, ना आशाताईंच्या वहीत.

जोडीचा हिशेब

ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याचा अर्धा कोयता धरला जातो. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते असे धरले, तर दोघांची मिळून कमाई साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होते. हा दिवस आठ तासांचा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

काम बुडाले की ‘खाडा’ पडतो आणि तो अंगावर येतो. त्यामुळे ताप असो, पाळी असो वा गरोदरपण, फड सुटत नाही. २०१९ मध्ये बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, तो या पार्श्वभूमीवर. त्या वर्षी विधान परिषदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी रुग्णालयांवर निर्बंध आले आणि ते आवश्यकच होते. परंतु ज्या वस्तीत पाणी, आडोसा आणि विश्रांती नाही, तेथून उद्भवणारे आजार केवळ बीडमधील रुग्णालयांवर नजर ठेवून थांबणारे नाहीत.

मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नांचे मूळही काही अंशी या वस्तीतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीडमध्ये २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि दार नसलेल्या कोपीत तिला न्यायचे कसे, या पेचातून आई-बाप लग्नाचा मार्ग काढतात. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडीच्या नावावर नवी उचल मिळते.

उपाय सारे मूळ गावी

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली. तिच्यात ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे प्रस्तावित करण्यात आली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि सरकारकडून तेवढीच रक्कम, अशी निधीची तजवीज झाली. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले.

हे सर्व उपाय कामगार जेथून निघतो, त्या टोकाचे आहेत. तो जेथे पोहोचतो, त्या टोकाला पूर्वी साखरशाळा होत्या. २००० च्या दशकात औरंगाबादच्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात त्या चालविल्या. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर मुलांना नियमित शाळेतच दाखल करावे, हे धोरण ठरले आणि साखरशाळा मागे पडल्या. तत्त्वतः ते योग्यच होते. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्डावर कोणत्याही शाळेत प्रवेश मिळतो. पण फडापासून शाळा तीन-चार किलोमीटर दूर असेल आणि धाकटे भावंड सांभाळायला कोणी नसेल, तर कार्ड पेटीतच राहते.

शिधापत्रिकेचीही तीच कथा. कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेण्याची सोय आता आहे. तथापि पहाटेपासून रात्रीपर्यंत फडावर असणाऱ्या जोडीने दुकान उघडे असताना अंगठा द्यायला जायचे कधी? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने राज्याची सीमा ओलांडणाऱ्याचाच विचार केला होता. बीडहून बेळगावला जाणारा त्याच्या कक्षेत आला; बीडहून सांगलीला जाणारा बाहेरच राहिला.

अठ्ठ्याहत्तर अंशांवरचे गाव

हंगामी माणसांसाठी कायमच्या सोयी कशाला, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो तपासण्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, अठ्ठ्याहत्तर अंश उत्तर अक्षांशावर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात लाँगइयरब्येन नावाचे गाव आहे. १९०६ मध्ये कोळसा खाणीच्या मजुरांसाठी ते वसले. हिवाळ्यात तेथे जवळजवळ चार महिने सूर्य उगवत नाही. लोकसंख्या सुमारे अडीच हजार. बहुतेक जण काही वर्षे नोकरी करून परततात. आयुष्यभर राहणारे थोडेच.

तरीही त्या गावात शाळा आहे, लहान रुग्णालय आहे आणि १९९३ पासून विद्यापीठ केंद्रही आहे. बहुसंख्य घरे नोकरी देणाऱ्यांकडूनच मिळतात. बाळंतपणाची पुरेशी सोय गावात नाही, हे मान्य करून गरोदर महिलांना प्रसूतीपूर्वी सुमारे तीन आठवडे मुख्य भूमीवर पाठविले जाते. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्याला त्या गावात राहता येत नाही. नॉर्वेसारख्या संपन्न देशाशी बीडची बरोबरी करण्याचेही कारण नाही. मुद्दा एवढाच, की माणसे तात्पुरती आहेत म्हणून त्या गावाला कोणी तात्पुरते मानले नाही, आणि नोकरी देणाऱ्याने निवाऱ्याची जबाबदारी झटकली नाही.

लाँगइयरब्येन बर्फ आणि समुद्रामुळे दुर्गम आहे. उसाच्या फडापर्यंत तर डांबरी रस्ता जातो, मोबाइलची रेंज असते, तालुक्याचे गाव तासाभरावर असते. तेथील कोपी दुर्गम झाली आहे ती कोणत्याही यादीत नसल्यामुळे.

टोळी कोठे आहे, हे कारखान्याला ठाऊक असते

कामगार मुकादमाचा, करार वाहतूकदाराशी आणि टोळ्या सतत फिरत्या. मग सोयी करायच्या कोठे, अशी कारखान्यांची बाजू असते. तिच्यात थोडे तथ्य आहे. ट्रॅक्टरची टोळी हंगामात मुक्काम बदलते, हे खरेच. पण टोळी कोठे आहे हे कोणालाच माहीत नसते, असे नव्हे. उसाच्या लागवडीची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते. कोणत्या गटातील ऊस कोणत्या पंधरवड्यात तोडायचा, याचा कार्यक्रम तेथेच ठरतो. आजची तोड कोणाच्या शेतात आहे, हे स्लिपबॉय रोज कळवितो. उसाच्या मोळीचा माग ठेवणारी ही व्यवस्था मोळी बांधणाऱ्या बाईचा माग ठेवू शकत नाही, हे पटणारे नाही.

तशी इच्छा असली की मोजदाद होते, हे २०२० मध्ये दिसलेही. मार्चअखेर टाळेबंदी लागू झाली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि कामगार कोप्यांतच अडकले. १७ एप्रिल रोजी त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार कामगार असल्याचा आकडा सरकारने दिला होता. कारखानानिहाय याद्या, आरोग्य तपासणी, प्रवासाची परवानगी हे सारे काही दिवसांत जमले. एरवी राज्यातील ऊसतोड कामगारांचे अंदाज आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत हेलकावे खात असतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर तरी हा विषय कागदावरून फडावर यायला हवा होता. गाळप परवाना देतानाच प्रत्येक कारखान्याकडून टोळ्यांच्या मुक्कामांची यादी घेणे, ती नजीकचे प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायतीला देणे, प्रत्येक मुक्कामी पाण्याची टाकी, दिवा आणि हलविता येणारी शौचालये ठेवणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. टनामागे जमा होणाऱ्या निधीतला एक भाग या दुसऱ्या टोकाला खर्च करण्याचा निर्णय तेवढा लागतो. कारखान्याने मुकादमाशी होणाऱ्या करारात मुक्कामाच्या जागेची अट घातली, तर जबाबदारी कोणाची हा घोळही मिटेल.

२०२४ मध्ये गाळपाचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. त्या पाच दिवसांच्या अंतराने ऊसतोड कामगारांच्या मताची चर्चा झाली. त्यांच्या मुक्कामाची झाली नाही. मूळ गावी तो मतदार आहे, शिधापत्रिकाधारक आहे, पालक आहे. कोपीत तो केवळ अर्धा कोयता उरतो. त्या सहा महिन्यांच्या गावाची सरकारदरबारी नोंद झाली, तरच त्याचे बाकीचे हक्क तेथवर पोहोचू शकतील.