आधी नेमणूकपत्र, मग बॅग

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या घरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? त्याचे सर्वांत झटपट मिळणारे उत्तर म्हणजे विक्रीची नोकरी. पदवी लागत नाही, वशिला लागत नाही. बोलता यावे आणि पायांत बळ असावे, एवढे पुरते. बारावीनंतरच्या सुट्टीत मीही पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकायला दारोदार हिंडलो.

पहिल्या दिवशी साहेबांनी कोरी वही दिली आणि ओळखीच्या पन्नास जणांची नावे लिहायला सांगितली. मामा, आत्या, शेजारच्या काकू, शाळेतले सर! मला वाटले, हेच विक्रीचे शिक्षण. पहिल्या महिन्यात सात यंत्रे खपली, सातही ओळखीत. दुसऱ्या महिन्यात वहीतली नावे संपली आणि त्याबरोबर माझी नोकरीही. पगार नव्हताच, कमिशन ठरले होते, तेही अर्धेच हाती आले. पुढे काकूंचे यंत्र बिघडले, तेव्हा दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण नळावर त्यांच्या शेजारी उभे राहणे आईला जड जाऊ लागले. तेव्हा मला कळले, मी यंत्र विकलेच नव्हते. आईने वीस वर्षे जोडलेला शेजार विकला होता.

म्हणून विक्रीचे काम हलके, असे मी मुळीच म्हणणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. भिडेखातर कोणी ते घेतले नाहीत. पुढे ते खपले ते गुणांवर. अनोळखी माणसाची शंका ऐकून घेणे, नकार पचवणे आणि विकलेल्या वस्तूची जबाबदारी घेणे, ही खरी विक्रीकला. ती शिकवणारी नोकरी अठराव्या वर्षी मिळाली तर अवश्य धरावी.

कोणी म्हणेल, गरजवंताला अटी कसल्या? पण औषधकंपन्यांचे प्रतिनिधीही गरजवंतच होते. ते संघटित झाले, झगडले. १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय कायदा झाला आणि त्यांना नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक ठरले. व्यावसायिक सुरक्षेविषयीच्या २०२० च्या श्रमसंहितेतही कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. मात्र केवळ कमिशनवर राबणाऱ्या पोराला 'हा आमचा कर्मचारीच नव्हे' म्हणून झटकणे सोपे असते. म्हणूनच कागद आधी मागायचा, बॅग नंतर उचलायची.

माझ्या धाकट्या मित्रांनी तीन प्रश्न विचारावेत. ठरलेला पगार किती? माल बिघडला तर गिऱ्हाइकाच्या दारी कोण जाणार? आणि ओळखीची माणसे संपल्यावर माझे काय? तिसऱ्या प्रश्नाला साहेब नुसते हसले, तर उठून यावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हे प्रश्न विचारायचे असतात, हे सांगणारे मला कोणी भेटले नाही. निकालाच्या दिवसांत आपल्या कॉलेजने एखादी दुपार यासाठी काढली, तर पुढच्या वर्षी एखाद्या आईला नळावर मान खाली घालावी लागणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला