अननसाच्या साली आणि न विचारलेला प्रश्न

दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर अननस कापून देणाऱ्याच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहा. सुरी चालते, साल उतरते, डोळे निघतात, मधला दांडा बाजूला पडतो आणि आपल्या हातात येतात सहा-सात चकत्या, वर तिखट-मीठ. फळाचा बराच मोठा भाग टोपलीत जातो. घरी आख्खा अननस आणला तर ती टोपली आपल्याच ओट्यावर असते. मला ते कायम खटकायचं. म्हणून गेली तीन वर्षं मी सालीचं आंबवलेलं पेय करते. एका अननसाची साल, दोन लिटर पाणी, दोनशे ग्रॅम गूळ, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा. काचेची बरणी, वर सुती फडकं. मेक्सिकोत याला ‘तेपाचे’ म्हणतात आणि तिथे ते रस्त्यावर विकलं जातं. मुंबईच्या मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी फेस येतो. चव आंबटगोड, किंचित झिणझिणीत. छान लागतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यातली एक बाटली घेऊन मी लालबागला मावशीकडे गेले. शेजारच्या आजी आणि त्यांचा मुलगा बसायला आले होते. मी चार पेले भरले आणि ‘एकदम नैसर्गिक, पोटाला चांगलं’ असं म्हणत पहिला त्या भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावण्याआधीच आजींनी हात पुढे केला, पेला घेतला, नाकाशी धरला आणि टेबलावर ठेवला.

‘अगं, हे काय आणलंस? ह्याला हातभट्टीचा वास आहे.’

मला हसू आलं, मग रागही आला. मग मावशीने आत बोलावून सांगितलं की भाऊंची दारू सुटून आठ महिने झालेत आणि ते रोज गोळी घेतात. ती गोळी डायसल्फिरामची.

ही गोळी काय करते ते सांगायला हवं. आपण घेतलेल्या अल्कोहोलचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. हा पदार्थ विषारी असतो, पण एक एन्झाइम त्याचं लगेच पुढे रूपांतर करून टाकतं. डायसल्फिराम त्याच एन्झाइमला अडवते. मग थोडं अल्कोहोल गेलं तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदय कमकुवत असेल तर प्रसंग जिवावर बेततो. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम टिकू शकतो. म्हणूनच या रुग्णांना अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं, एवढंच काय व्हिनेगरही टाळायला सांगतात. आणि मी त्यांना पेला भरून देत होते.

माझ्या पेयात अल्कोहोल होतं का? होतं. ते असतंच. सालीवर रानटी यीस्ट असतं, गुळात साखर असते, आणि यीस्टला साखर मिळाली की ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. आपण ‘दारू’ करतोय की ‘हेल्थ ड्रिंक’, हे त्याला कळत नाही. माडाची नीराही तशीच. पहाटेची, थंड ठेवलेली असते तोवर नीरा. दुपारपर्यंत उन्हात राहिली की तिची माडी होते. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टंही याच मार्गाने होतात. त्यांत यीस्ट येतं ते बरेचदा धायटीच्या फुलांबरोबर, आणि द्राक्षासवाच्या बाटलीवर आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचा उल्लेख असतो. आपण तो वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

किती असतं, याचा हिशेब घरी करता येतो. एका ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम अल्कोहोल निघतं. माझ्या प्रमाणात लिटरला शंभर ग्रॅम गूळ पडतो. तो सगळा आंबला तर अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साध्या बिअरइतकं. दोन दिवसांत तेवढं होत नाही, एखाद-दोन टक्क्यांवर थांबतं. पण चार-पाच दिवस बरणी ओट्यावर विसरली, गूळ हात सैल सोडून घातला, घर पत्र्याखालचं असलं, की आकडा वर सरकतो आणि जिभेला तो नेमका कळत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्य गणलं जातं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं गुन्हा आहे. बरणीभर अननसासाठी कुणी दारावर येईल असं मला वाटत नाही. पण ओळखीतली काही मंडळी आता हे बाटल्यांत भरून विकायला लागली आहेत, त्यांनी तरी हे माहीत करून घ्यावं.

आजींच्या नाकाला जे कळलं ते त्या कायद्याच्याच काळातलं. गिरणगावात तेव्हा काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळं पिंपांत आंबवून भट्टी लावत. संत्रं-मोसंबीच्या नावाने दारू विकली जाई. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंत किती पैसे पोचतील याचा भरवसा नसलेल्या बायकांनी तो वास ओळखायला शिकून घेतला होता. मी ज्याला ‘फर्मेंटेड’ म्हणत होते, त्याला त्या घरात दुसरं नाव होतं.

तरीही एका बाबतीत घाबरणाऱ्यांचं चुकतं. ‘घरी आंबवलं की विषारी दारू होते’ असं बरेच जण म्हणतात आणि मालवणीचं उदाहरण देतात. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलने. ते मिथेनॉल बरणीत आंबून आलेलं नव्हतं, ते औद्योगिक रसायन होतं आणि दारू म्हणून विकलं गेलं. फळांच्या सालीत पेक्टिन असतं आणि त्यातून आंबताना थोडं मिथेनॉल सुटतं, हे खरं. पण ते अत्यल्प असतं, आणि सोबतचं साधं अल्कोहोल शरीरात त्याला विषारी रूप घेऊ देत नाही. मात्र कुणी हे पेय ऊर्धपातन करायला, म्हणजे भट्टी लावायला निघालं, तर गोष्ट बदलते. ते घरात अजिबात करू नये.

उलट बाजूचे दावेही मला पटत नाहीत. हे ‘प्रोबायोटिक’ आहे म्हणतात. प्रोबायोटिक म्हणवून घ्यायला कोणता जिवाणू, किती संख्येने आणि त्याने काय फायदा होतो हे दाखवावं लागतं. माझ्या बरणीत कोण कोण नांदतं ते मला माहीत नाही. ‘साखर जिवाणू खाऊन टाकतात, मधुमेह्यांना चालतं’ हे तर धोकादायक आहे. अल्कोहोल एक टक्का व्हायला लिटरमागे सोळाएक ग्रॅम साखर लागते. उरलेली तशीच असते. दोनशे मिलीच्या पेल्यात तीन चमचे साखर गेली असं धरा.

साल कुठली घ्यावी? आपण आणलेल्या, आपण धुतलेल्या फळाची. गाडीवाल्याच्या टोपलीतली नको. तिच्यावर दिवसभराची धूळ आणि माश्या बसलेल्या असतात. मेण लावलेल्या सफरचंदाची नको. आंब्याची साल मी घेत नाही, तिच्या चिकाने काहींच्या ओठांना आग होते. तांब्या-पितळेचं भांडं तर नकोच. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना शिकवावं लागलं नव्हतं. वर पांढरा पातळ साय-थर आला तर तो काढून टाकता येतो. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं ओतून द्यायचं, वरचं काढून खालचं वाचवायचं नाही.

आणि बाटलीचं झाकण. अल्कोहोल एक टक्का होतं तेव्हा लिटरमागे चार लिटरहून जास्त वायू सुटतो, म्हणजे कोलाच्या बाटलीत असतो तेवढा किंवा जरा जास्तच. काचेची बाटली घट्ट बंद करून विसरलात तर ती फुटते, आणि काचा स्वयंपाकघरभर उडतात. मी सोड्याची प्लॅस्टिकची बाटली वापरते. दाबून कडक लागली की झाकण सैल करून फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही.

मी पेय करणं सोडलेलं नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते आणि खाली ‘अल्कोहोल आहे’ असं लिहिते. पेला भरण्याआधी विचारते: गोळ्या कुठल्या चालू आहेत, दिवस गेलेत का, तुम्ही घेता का. हळदीकुंकवाला विचारायला अवघड जातं, म्हणून तिथे नेत नाही. मुलांना देत नाही.

दिवाळीच्या आधी पुन्हा लालबागला गेले तेव्हा आजींनी मला पेला दिला. अननसाचीच साल, गूळ, दालचिनी, लवंग. वीस मिनिटं उकळून, गाळून, गार करून, वर लिंबू पिळलेलं. आंबवलेलं अजिबात नाही. भाऊंचा दुसरा पेला चालला होता.

‘तुझ्यासारखी झिणझिण नाही त्याला,’ आजी म्हणाल्या, ‘पण साल काही वाया गेली नाही.’