चार हजारांची मारामारी

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी शाळेतून घरी आले, पर्स अजून खांद्यालाच होती, तोच आमचे चिरंजीव समोर उभे. "आई, तू चिडणार नसशील तर एक सांगू?" या प्रस्तावनेनंतर काय येतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच!

त्याला ‘ड्रॅगन बॉल: स्पार्किंग! झीरो’ नावाचा व्हिडिओ गेम हवा होता. किंमत चार हजारांच्या वर. माझ्या अर्धवेळ नोकरीच्या पगारात चार हजार म्हणजे घरचं महिन्याचं दूध आणि भाजी. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "मारामारीला पैसे कशाला मोजायचे? आपल्याकडे दोघा भावंडांची रोज फुकट चालते."

मीही ‘नाही’च म्हणणार होते. पण "कशाला हवाय तुला?" असं विचारलं तेव्हा तो जरा थांबून म्हणाला, "खाली सगळे त्याबद्दलच बोलतात. मी नुसता ऐकतो."

दोन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीचं जुनं घर सोडून घोडबंदर रोडला, वाघबीळजवळ राहायला आलो. घर मोठं झालं, लिफ्ट आली, बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो. पण डोंबिवलीला दार उघडं असायचं आणि पोरं या घरातून त्या घरात जायची. इथे बेल वाजली की कुरियरवाला. बारा वर्षांचा मुलगा दोन वर्षांत एकही मित्र घरी घेऊन आला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून म्हटलं, नाही म्हणायचं तर चौकशी करून म्हणू.

‘ड्रॅगन बॉल’ ही मूळची जपानी चित्रकथा. अकिरा तोरियामा यांनी ती 1984 साली सुरू केली. मार्च 2024 मध्ये ते वारले. तिच्यावरून कार्टून मालिका निघाल्या. माझा धाकटा भाऊ शाळेत असताना त्या बघायचा, आणि 2022 साली ‘ड्रॅगन बॉल सुपर’ आपल्याकडे हिंदीतूनही लागलं. तेव्हा खूळ आजचं नाही, मामाकडूनच आलेलं आहे!

वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे हा गेम आहे. त्यांची परवानगी घेऊन मी अर्धा तास मुलांच्या मागे बसले. तेवढ्यात आणि नंतर भावाला विचारून जे कळलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, आपल्या घरच्या यंत्रावर तो चालतो का? आमच्याकडे धाकट्या दिरांनी दिलेला प्लेस्टेशन 4 आहे. ‘स्पार्किंग! झीरो’ त्यावर निघालेलाच नाही, त्याला प्लेस्टेशन 5 लागतो. वहिनींकडे तो आहे, हे आमच्या चिरंजीवांनी ध्यानातच घेतलं नव्हतं. दुकानात थेट पैसे मोजले असते तर तबकडी शोकेसमध्ये ठेवावी लागली असती. जुन्या यंत्राची तबकडी नव्यात बहुधा चालते, नव्याची जुन्यात नाही. शिवाय काही प्लेस्टेशन 5 मध्ये तबकडीची खाचच नसते, तेही पाहून घ्या.

दुसरी गोष्ट, घरात दोघं एकत्र खेळू शकतात का? ‘स्पार्किंग! झीरो’ ऑक्टोबर 2024 मध्ये आला तेव्हा त्यात 182 योद्धे होते, पण एका घरात शेजारी बसून खेळायचं तर एकाच मैदानावर, पडद्याचे दोन भाग करून. याउलट त्याच कथेवरचा 2018 चा ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ प्लेस्टेशन 4 वर चालतो. त्यात दोघांचे तीन-तीन योद्धे एकाच पडद्यावर समोरासमोर लढतात. चित्रं थेट कार्टूनसारखी दिसतात. मात्र दुसरा कंट्रोलर लागतो. तो नसेल तर त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट म्हणजे मागाहून निघणारा खर्च. ‘फायटरझी’त मूळचे 24 योद्धे आहेत. पुढे आलेले योद्धे वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात. प्लेस्टेशनवर इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळायचं तर त्याची वर्गणी निराळी. आम्ही दोन्हींना सरळ नकार दिला. अनोळखी माणसांशी खेळण्याची तर मला मुळीच हौस नाही.

चौथी गोष्ट, वय. या गेमच्या युरोपीय डबीवर 12 आकडा असतो. रक्तपात नाही, पण गुद्दे आणि स्फोट भरपूर. आमची धाकटी नऊ वर्षांची, तेव्हा ती आम्हा दोघांपैकी कोणी खोलीत असेल तरच खेळते.

आणि शेवटची, कंटाळा किती दिवसांत येईल? ‘फायटरझी’तली एकट्याने खेळायची गोष्ट तीच ती आहे. सारख्याच चेहऱ्यांच्या नकली योद्ध्यांशी पुन्हा पुन्हा लढायचं. एकटं मूल असेल तर पंधरा दिवसांत कपाटात जाईल. समोर कोणी बसणार असेल, तरच पैसे वसूल.

इथेच माझा निर्णय झाला. मी चिरंजीवांना म्हटलं, "नवा नाही, जुना गेम घेऊ, तोही वापरलेली तबकडी. निम्मे पैसे तुझ्या भाऊबीज-वाढदिवसाच्या डब्यातले. आणि शनिवारी संध्याकाळी खालच्या मुलांना घरी बोलवायचं." शेवटच्या अटीवर तो गप्प झाला. "नाही आले तर?" "तर मी खेळेन तुझ्याशी."

दीड हजारात तबकडी मिळाली. नंतर पुन्हा विकता येते, हाही तबकडीचा फायदा. ऑनलाइन उतरवून घेतलेला गेम असा विकता येत नाही.

पहिल्या शनिवारी कोणीच आलं नाही. शब्द दिला होता, म्हणून कणीक झाकून ठेवली आणि मी बसले. सात वेळा हरले. धाकटीने मात्र एकच बटण दाबत राहून दादाला हरवलं. (या गेममध्ये तेच बटण दाबत राहिलं की फटक्यांची मालिका आपोआप होते, म्हणून नवशिकेही खेळू शकतात.) तो इतका हसला, की किती दिवसांनी ते हसणं ऐकलं असं झालं.

दुसऱ्या शनिवारी बेल वाजली. कुरियरवाला नव्हता, दारात दोन मुलं होती. "काकू, तो आहे का घरात?" मी पोहे भिजवायला घेतले. एक तासाने गेम बंद, हा नियम होता. बंद केला तरी मुलं गेली नाहीत, बाल्कनीत गप्पा मारत बसली.

मैत्रिणींनो, प्रत्येक हट्ट पुरवावा असं मी म्हणत नाही. वहिनींकडे हाच खेळ महागाचा आहे आणि मुलगा एकटाच खेळतो. तेव्हा किंमत विचारण्याआधी आपल्या मुलाला एवढंच विचारा, "कोणाबरोबर खेळणार?" उत्तर मिळालं तर हिशेबाची वही उघडा. नाही मिळालं, तर गेमआधी त्या उत्तराकडे बघा.