झोपलेल्या संगणकाची चौकशी
मागच्या महिन्यात आमच्या धाकटीने प्रकल्पाची फाईल सेव्ह न करताच संगणक स्लीपवर टाकला. रात्री वीज गेली आणि बारा पाने गेली. घरात कुणी विजेला बोल लावला, कुणी धाकटीला.

कारण साधे होते. साध्या स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये असते आणि रॅमला सतत वीज लागते. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरते. वीज गेली तरी टिकते.

विंडोजवर हे तपासायला नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांत तीन ओळी लिहाव्यात: ‘पॉवरसीएफजी /ए’, ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’, ‘पॉज’. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडून नावाला ‘.बॅट’ जोडावे. फाईल डबल-क्लिक केली की पहिली ओळ यंत्राला कोणत्या झोपा जमतात ते सांगते (‘एस३’ म्हणजे नेहमीची स्लीप). दुसरी, त्याला शेवटी कशाने जागवले ते. तिसरी खिडकी मिटू देत नाही.

हायबरनेट बंद दिसले, तर ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ ही ओळ पहिली घालून फाईल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवावी.

आता धाकटी उठण्याआधी सेव्ह करते, मग हायबरनेट. आम्हीही तिच्याकडूनच शिकलो.