काळी मोहरी आली तर आली!

पुण्यात बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर ताटकळणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘काळी आलीत, बरोबरी झाली तरी पुष्कळ.’ पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणून ही धास्ती. या मंडळींनी नाशिकच्या विदित गुजराथीचा ५ एप्रिल २०२४चा डाव पटावर मांडून बघावा. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, टोरांटोतल्या कँडिडेट्स स्पर्धेची दुसरी फेरी. विदितकडे काळी मोहरी. समोर लागोपाठ ४७ डाव अपराजित राहिलेला अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. सुरुवात सोळाव्या शतकातल्या रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाची, आणि काळ्याचं उत्तर बर्लिन बचाव. २००० साली क्रामनिकनं विश्वविजेतेपदाच्या लढतीत याच बचावाच्या आधारे कास्पारोव्हला रोखलं होतं. कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नव्हता. तेव्हापासून बर्लिन म्हटलं की बरोबरी, असं समीकरणच झालं. विदितनं मात्र अकराव्या खेळीला उंट पणाला लावून थेट राजासमोरचं एच३ वरचं प्यादं उडवलं. तटबंदीला खिंडार पडलं ते पडलंच. २९ खेळ्यांत नाकामुरानं हार मानली. तेव्हा पोरांना खेळायला पाठवताना बरोबरीचा सल्ला नको. घरून तयारी पक्की करून घ्या. मोहरी कुठल्याही रंगाची येऊ देत.